भेट चालती राहावी म्हणून

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय गुरुजनहो आणि १९९२च्या दहावीच्या तुकडीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

आपल्या तुकडीने शाळेसाठी निधी जमवला आहे आणि त्यातून शाळेला मोठा डिजिटल फळा द्यावा, अशी सूचना पुढे आली आहे. गेली चोवीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. म्हणून संयोजकांनी मला या विषयावर बोलायला सांगितलं. फळा द्यावा असंच माझंही मत आहे. पण तो कसा द्यावा, याबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत.

शाळेच्या अभ्यासाला यंत्राची जोड हे काही आपल्याला नवं नाही. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागत, हे अनेकांना आठवत असेल. कार्यक्रम मेहनतीने केलेले असत. अडचण इतकीच, की वर्गात त्या दिवशी कोणता धडा चालू आहे हे टीव्हीला ठाऊक नसे आणि न समजलेला भाग पुन्हा लावता येत नसे. आज ती सोय शिक्षकाच्या हातात आली आहे. हवा तो भाग, हवा तेव्हा थांबवून दाखवता येतो.

या सोयीचा उपयोग कसा होतो, त्याचं माझ्याच वर्गातलं उदाहरण देते. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, हे आपण सगळ्यांनी पाठ केलं होतं. माझी मुलं आधी कागदाचा त्रिकोण कापतात, त्याचे तिन्ही कोपरे फाडून एका रेषेवर शेजारी शेजारी लावतात. मग मी जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर पडद्यावर उघडते. एक मूल येऊन त्रिकोणाचं टोक ओढतं. ओढण्याआधी मी विचारते, “आता बेरीज वाढेल की कमी होईल?” वर्गात वाद होतो. टोक कुठेही नेलं तरी बेरीज तीच राहते, हे पाहिल्यावर मुलं स्वतःच ‘का’ असं विचारतात. तो ‘का’ पडद्याने आणलेला नसतो, आधी विचारलेल्या प्रश्नाने आणलेला असतो.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. त्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. महागडी खोली न बांधता, मुलांच्या दप्तरात आधीच असलेल्या पुस्तकाला त्यांनी तंत्रज्ञान जोडलं. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही क्यूआर कोड आले.

पण कोड वाचायला फोन लागतो. करोनाच्या काळात आम्ही ते जवळून पाहिलं. घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर जायचा. संध्याकाळी आला की आधी भावाला मिळायचा, उरलाच तर बहिणीला. त्याच काळात सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. जे मुलापर्यंत पोहोचतं, ते साधन खरं.

आता दुसरी बाजू. लोकवर्गणीतून आलेले प्रोजेक्टर कापडाखाली झाकून ठेवलेले मी काही शाळांत पाहिले आहेत. कुठे दिवा गेला आणि बदलायला पैसे नव्हते. कुठे वीजबिल थकलं. कुठे यंत्र चालवणाऱ्या एकमेव गुरुजींची बदली झाली. उद्घाटनाचा फोटो मात्र भिंतीवर होता.

आपल्या भेटीचं असं होऊ नये म्हणून माझ्या सूचना अशा. पहिली, सगळा निधी खरेदीत घालू नये. एक भाग शाळेच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा आणि त्याच्या व्याजातून वीज नि दुरुस्तीचा खर्च भागवावा. दुसरी, खरेदीआधी आजच्या शिक्षकांना विचारावं की त्यांना कोणते धडे शिकवायला अवघड जातात, आणि किमान तीन शिक्षकांना फळा वापरण्याचं शिक्षण मिळावं. तिसरी, इंटरनेट गेलं तरी तास थांबू नये, म्हणून लागणारं साहित्य उतरवून शाळेतच साठवून ठेवावं. चौथी, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: थोड्या पैशांत चार-पाच टॅबलेट घ्यावेत आणि शाळा सुटल्यावर तासभर ती खोली उघडी राहावी. ज्यांच्या वाट्याला घरचा फोन येत नाही, त्या मुलींना तिथे बसता येईल.

आपल्यात बँकेतले आहेत, वीज दुरुस्ती करणारे आहेत, संगणकात आयुष्य घालवलेले आहेत. पैशांइतकीच तुमच्या वर्षातल्या दोन दिवसांची शाळेला गरज आहे. फळ्यावर आपल्या तुकडीचं नाव नसलं तरी चालेल. पुढच्या मेळाव्याला येऊ तेव्हा मुलांनाच विचारू, “या आठवड्यात यावर काय पाहिलंत?” त्यांनी पटकन उत्तर दिलं, तर आपली देणगी कारणी लागली असं समजू.

समोर बसलेल्या आमच्या सरांनी आणि बाईंनी खडू आणि एका फळ्यावर आम्हाला घडवलं. त्यांना वंदन करून थांबते.