पहिली रायफल घेण्यापूर्वी

(उन्हाळी क्रीडा शिबिराच्या समारोपप्रसंगी पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दि. १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी या लहानशा गावच्या स्वप्निल कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्यपदक मिळविले. या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक. त्याआधी २०१० साली म्युनिक येथे कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत हिने ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण नोंदवून विश्वविजेतेपद पटकाविले होते. त्याही आधी अंजली भागवत यांनी सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत धडक मारली होती. या साऱ्या यशाचा परिणाम म्हणून आज अनेक मराठी घरांत एक हट्ट ऐकू येतो, ‘बाबा, मला रायफल घेऊन द्या.’

हा हट्ट बॅट किंवा बॅडमिंटनच्या रॅकेटचा नव्हे. स्पर्धेच्या दर्जाची रायफल लाखांच्या घरात जाते. मध्यमवर्गीय पिता पतपेढीचे दार ठोठावतो किंवा भविष्य निर्वाह निधीला हात घालतो. आणि दोन वर्षांत मुलाचे मन उडाले, तर ती रायफल माळ्यावर जाऊन पडते. पैसा तर जातोच. परंतु मुलाच्या मनात ‘आपल्याला जमले नाही’ असा जो सल राहतो, त्याची भरपाई कशी व्हायची? म्हणून खरेदीपूर्वी विचार हवा.

पहिला विचार, कोणती रायफल? चित्रपट आणि संगणकावरचे खेळ पाहून मुलांच्या डोळ्यांपुढे जी उभी असते, ती अर्धस्वयंचलित रायफल. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत चढते. अमेरिकेत अशा रायफलींच्या स्पर्धा होतात आणि नवोदिताने पहिली कोणती घ्यावी, याची तेथे घरोघरी चर्चा चालते. आपला मार्ग निराळा आहे. ऑलिंपिकमधील रायफलच्या प्रकारांत प्रत्येक वेळी एकच गोळी किंवा छर्रा हाताने भरावा लागतो. अर्धस्वयंचलित यंत्रणेला तेथे स्थान आहे ते २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात, ज्यात विजय कुमार यांनी २०१२ साली लंडनमध्ये रौप्यपदक मिळविले. रायफल हाती घेऊ इच्छिणाऱ्या भारतीय मुलाची पहिली पायरी एकच, १० मीटरची हवाई रायफल.

या निवडीमागे कायद्याचेही कारण आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार .२२ च्या रायफलीसह कोणत्याही अग्निशस्त्राला परवाना लागतो आणि तो मिळण्यास वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. प्रशिक्षणार्थ नेमबाजांना काही अटींवर सवलत आहे. याउलट ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आत ऊर्जा असलेल्या हवाई रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. स्पर्धेच्या हवाई रायफलीची ऊर्जा या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी असते. तरीही खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी आणि पावती जन्मभर जपावी. प्रवासात ती सोबत असावी.

या खेळाची आपल्याकडील घडी एका मराठी माणसाने बसविली, हेही येथे सांगावेसे वाटते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी पायरी मानली जाते. त्यामुळे रायफल घेण्याआधी मुलाचे नाव मान्यताप्राप्त क्लबात आणि संघटनेत नोंदवावे. किमान सहा महिने त्याने क्लबच्या रायफलीवर सराव करावा. शनिवार-रविवारी पहाटे न कुरकुरता उठणे, तासन् तास एकाच जागी उभे राहणे, नेम चुकल्यावर न चिडणे, हे सहा महिन्यांत दिसले तर खरेदीचा विचार करावा, अन्यथा थांबावे.

दुसरा विचार यंत्रणेचा. स्प्रिंगच्या रायफलीत दट्ट्या वेगाने पुढे धावतो आणि छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच रायफलीला हिसका बसतो. देशी बनावटीच्या अशा रायफली स्वस्त असतात. श्वास, चाप आणि दृष्टी यांचा मेळ घालण्याचे प्राथमिक धडे त्यांवर उत्तम गिरविता येतात. त्यांना हीन लेखू नये. मात्र वरच्या स्पर्धांत दाबयुक्त हवेची रायफल लागते. तिच्या नळकांड्यात सुमारे २०० बार दाबाने हवा भरलेली असते आणि प्रत्येक वेळी झडप मोजकीच हवा सोडते. हिसका जवळजवळ नाहीच. वाल्थर, फाइनवेर्कबाउ, आन्शुट्झ या जर्मन आणि स्टायर ही ऑस्ट्रियन कंपनी यांच्या रायफली जगभर वापरल्या जातात. अचूकतेत त्यांच्यात डावे-उजवे करणे कठीण. निवड करावी ती आपल्या मुलाच्या शरीराकडे पाहून.

कारण रायफल ही अंगरख्यासारखी असते. मापाची नसेल तर महागडी असूनही काचते. नियमानुसार हवाई रायफलीचे वजन ५.५ किलोपेक्षा अधिक असता कामा नये. पण ही कमाल मर्यादा आहे, अपेक्षा नव्हे. बारा वर्षांच्या सडपातळ मुलीच्या हाती तेवढे वजन दिले तर ती कमरेतून मागे वाकते आणि पाठीचे दुखणे जडू शकते. तिच्यासाठी हलकी व आखूड अशी कनिष्ठ गटाची रायफल घ्यावी. खांद्याला टेकणारा भाग आणि गालाचा आधार पुढेमागे, वरखाली सरकतात की नाही, हे पाहावे. कारण मूल वाढते, रायफल वाढत नाही. मूल डावखुरे आहे का, आणि त्याचा प्रभावी डोळा कोणता, हे प्रशिक्षकाकडून आधी तपासून घ्यावे. उजव्या हाताच्या पुष्कळ मुलांचा डावा डोळा प्रभावी असतो. हे उशिरा कळले तर खर्च दुप्पट होतो.

वापरलेली रायफल घेण्यात काहीच कमीपणा नाही. चांगली निगा राखलेली रायफल वर्षानुवर्षे टिकते. फक्त एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी, ती म्हणजे हवेच्या नळकांड्यावरील तारीख. या नळकांड्याची मुदत साधारण १० वर्षांची असते आणि ती संपलेली असेल तर स्पर्धेत अडचण येते. शिवाय एवढा दाब जुनाट धातूवर सोपविणे धोक्याचेच. नव्या नळकांड्याचा खर्च धरूनच किंमत ठरवावी. त्यात केवळ कोरडी, स्वच्छ हवा भरावी; अन्य कोणताही वायू कदापि भरू नये.

आता साहित्याविषयी. कॅनव्हास-चामड्याचे जॅकेट, पँट, सपाट तळाचे बूट आणि हातमोजा हे शरीराला स्थैर्य देतात. पण पहिल्या दिवसापासून जॅकेट चढविले तर मूल जॅकेटच्या आधाराने उभे राहायला शिकते, स्वतःच्या हाडांच्या आधाराने नाही. आधी हातमोजा आणि बूट, मग जॅकेट, सर्वांत शेवटी पँट, हा क्रम खिशालाही परवडतो. जॅकेट आता भारतातही चांगली शिवली जातात. वाढत्या वयात ती दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागतात, तेव्हा परदेशी नावाचा मोह टाळावा. छर्रे मात्र पारखून घ्यावेत. सपाट डोक्याचे ४.५ मिलिमीटरचे छर्रे दिसायला सारखे. पण त्यांच्या डोक्याच्या व्यासात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक असतो. दोन-तीन प्रकार आपल्याच रायफलीतून झाडून पाहावेत आणि ज्याचा पुंजका सर्वांत लहान येतो, तो पक्का करावा. दहा मीटरवरील लक्ष्याचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतो, हे लक्षात घेतले की ही चोखंदळ वृत्ती कशासाठी, ते उमगते.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हवाई रायफल खेळणे नव्हे, आणि घराच्या रक्षणाचे साधन तर मुळीच नव्हे. तिने डोळा जाऊ शकतो. ती नेहमी रिकामी, कुलूपबंद पेटीत ठेवावी. छर्रे दुसऱ्या कपाटात आणि किल्ली वडीलधाऱ्यांकडे असावी. नळीचे तोंड कधीही माणसाकडे वळू नये, मग ती रिकामी असली तरी. नेम नसताना नळीत सुरक्षा-दोरी घातलेली असावी. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याखेरीज पोळीला हात लावू नये. पाखरांवर नेम धरणाऱ्या किंवा मित्रांत मिरविण्यासाठी रायफल मागणाऱ्या मुलाला आई-वडिलांनी निःसंकोचपणे नकार द्यावा. तो नकार हाही संस्कारच आहे.

अखेर, साधन कितीही उत्तम असले तरी त्याची ओळख हवी. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये अंतिम फेरीपूर्वीच्या सरावात अभिनव बिंद्रा याचा नेम अकस्मात केंद्रापासून फार दूर जाऊ लागला. दर्शक बिघडला होता. हाताशी काही मिनिटेच होती. त्याने आदळआपट केली नाही, कोणाला दोष दिला नाही. शांतपणे खटके फिरवून नेम पुन्हा जुळविला. अखेरच्या फैरीला तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते. त्या क्षणी अभिनवने १०.८ गुण नोंदविले आणि भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले.

ती शांतता कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. ती पहाटेच्या सरावात मिळते, आणि छर्रा न भरता घरच्या भिंतीसमोर रोज अर्धा तास धरलेल्या नेमात मिळते. मुलाने ती कमवायला सुरुवात केली आहे असे ज्या दिवशी पालकांना दिसेल, तो पहिली रायफल घेण्याचा सुमुहूर्त. तोवर क्लबची रायफल पुरेशी आहे.