घरच्या ध्वनिमुद्रणात ‘इन्सर्ट’ आणि ‘सेंड’



आज संगणक, एक माइक आणि ऑडिओ इंटरफेस एवढ्या साहित्यावर आपली मुले घरीच गाणी मुद्रित करतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पुष्कळ गाण्यांत घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, इतका असतो की शब्दच कळत नाहीत. शब्द पोहोचले नाहीत तर कवीची व गायकाची मेहनत वाया जाते. दोष बहुधा गळ्याचा नसतो, इफेक्ट कोठे लावला याचा असतो.

इफेक्ट लावण्याचे मार्ग दोन. बँकेतला दाखला देतो. एखादे व्हाउचर अधिकाऱ्याच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही, तो ‘इन्सर्ट’. ट्रॅकचा संपूर्ण आवाज इफेक्टमधून जातो आणि बदलूनच बाहेर पडतो. मूळ व्हाउचर आपल्या वाटेने जाते आणि त्याची प्रत दुसऱ्या विभागाकडे जाते, तो ‘सेंड’. मूळ आवाज जसाच्या तसा राहतो. त्याची प्रत ऑक्झिलरी ट्रॅकवरील इफेक्टकडे जाते आणि दोन्ही शेवटी एकत्र येतात.

ही पद्धत संगणकावरील ध्वनिमुद्रणापेक्षा जुनी आहे. जर्मनीच्या ईएमटी कंपनीने १९५७ साली ‘ईएमटी १४०’ हे रिव्हर्बचे यंत्र आणले. त्यात पोलादी पत्रा टांगलेला असे आणि वजन सुमारे २७० किलो. असे यंत्र प्रत्येक वाद्याला वेगळे कोण देणार? म्हणून सर्व चॅनेलमधून थोडा थोडा आवाज त्या एकाच यंत्राकडे पाठवीत.

आता आपले गाणे घ्या. मुख्य गायक, कोरसचे तीन आवाज, हार्मोनियम, ढोलकी, झांज आणि बासरी असे आठ ट्रॅक आहेत. प्रत्येकावर रिव्हर्ब इन्सर्ट केला तर आठ रिव्हर्ब एकाच वेळी चालतील. जुना संगणक अडखळेल. शिवाय प्रत्येकाची मांडणी वेगळी असेल तर गायक सभागृहात आणि ढोलकी स्नानगृहात, असे ऐकू येईल. त्यातच इन्सर्टमधील ‘मिक्स’ वाढवला की मूळ आवाज कमी होतो आणि शब्द मागे पडतात.

त्याऐवजी एक वेगळा ट्रॅक करून त्यावर एकच रिव्हर्ब ठेवा. तेथे ‘वेट’ शंभर टक्के आणि ‘ड्राय’ शून्य करा; नाहीतर मूळ आवाज दोनदा येईल. मग गायकाकडून बेताचा, कोरसकडून थोडा जास्त आणि ढोलकीकडून अगदी कमी सेंड द्या. सेंड ‘पोस्ट-फेडर’ ठेवा, म्हणजे गायकाचा आवाज कमी केल्यावर त्याचा घुमाराही कमी होईल. रिव्हर्बच्या ट्रॅकवर ईक्यू लावून खालचे खर्ज स्वर छाटले की शब्द अधिक मोकळे होतात.

मग इन्सर्ट कशासाठी? जेथे मूळ आवाजच सुधारायचा आहे तेथे. ईक्यू, कॉम्प्रेसर, नॉइज गेट हे इन्सर्टलाच शोभतात. पंख्याची घरघर गेटने दाबायची आणि मूळ आवाज तसाच सोडायचा, तर घरघर राहणारच! अपवाद असतात. एकाच वाद्याला खास परिणाम द्यायचा असेल तर त्यावर रिव्हर्बही इन्सर्ट करता येतो.

विद्यार्थी मित्रहो, सूत्र सोपे आहे: आवाज बदलायचा असेल तर इन्सर्ट, आवाजात भर घालायची असेल तर सेंड. आज घरी गेल्यावर एखादे जुने गाणे उघडून दोन्ही प्रकारे मिक्स करा आणि ज्याने ते गाणे कधी ऐकलेले नाही अशा माणसाला ऐकवा. त्याला शब्द कळले, तर काम जमले असे समजा.