घरच्या घरी रंगविलेले पातळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



सुती कापड घरी कसे रंगवावे, यावर मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मला संकोच वाटला. मी काही रंगारी नव्हे. परंतु एक पातळ मी आधी बिघडविले आणि मग सुधारले. तेवढ्याच अनुभवावर येथे उभी आहे.

ते पातळ माझ्या आईचे. वडील गेल्यावर तिने रंगीत नेसणे सोडले ते सोडलेच. आम्ही मुलींनी पुष्कळ सांगून पाहिले. गेल्या वर्षी तिचे आवडते पांढरे पातळ पेटीत राहून पिवळट पडलेले निघाले, तेव्हा ती आपणहून म्हणाली, "टाकू नकोस. रंग देऊन बघ. भडक मात्र नको." इतक्या वर्षांनी तिने रंगाचे नाव काढले, याचा मला कोण आनंद झाला!

त्या आनंदातच मी घाई केली. हळद उकळली, पातळ बुडविले, झकास पिवळे झाले. पहिल्याच धुण्यात साबण लागताच त्यावर लाल डाग उठले, आणि दोन-चार उन्हांत उरलेला रंगही उडाला. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्याला कुंकवामुळे ठाऊक असते. साबणाचा क्षारही तेच करील, हे मला सुचले नाही. आई काही बोलली नाही. पातळाची घडी करून तिने पेटीच्या तळाशी ठेवली. ते मला फार लागले.

मग मी माहितगारांना विचारले. रेशीम आणि लोकर रंग चटकन धरतात. सुताचे तसे नाही. बहुतेक वनस्पतिज रंगांशी त्याची सोयरीक जमवायला मध्यस्थ लागतो. आपल्याकडचे जुने मध्यस्थ दोन: हिरडा आणि तुरटी. मोहेंजोदडोला मंजिष्ठाने रंगविलेल्या सुती कापडाचा तुकडा सापडला आहे, म्हणजे ही विद्या किती जुनी ते पाहा!

आता कृती सांगते. प्रथम कापडाचा एक धागा जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळून राख होते. वितळून गोळी झाली तर त्यात कृत्रिम धागा आहे, तेथे श्रम फुकट जातील. कोरडे कापड तोलावे. आमचे पातळ अर्धा किलो भरले. धुण्याचा सोडा घालून ते अर्धा तास उकळावे, म्हणजे खळ आणि तेलकटपणा निघतो. माझ्या हळदीचे अवशेषही तेथेच गेले. नंतर १०० ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून कापड रात्रभर भिजवावे, पिळून वाळवावे. मग ७५ ग्रॅम तुरटीच्या गरम पाण्यात काही तास ठेवावे.

रंगासाठी मी डाळिंबाच्या वाळलेल्या साली घेतल्या, अर्धा किलो. तासभर उकळून पाणी गाळले आणि त्यात पातळ मंद आचेवर पाऊण तास सारखे हलवीत ठेवले. हलविण्याचा कंटाळा केलात, तर ढग उठलेच म्हणून समजा! पातेले स्टीलचे घ्यावे, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. धुताना रिठा वापरावा आणि सावलीत वाळवावे.

या खेपेस मात्र मी पातळाला हात लावण्यापूर्वी त्याच्याच कडेच्या दोन चिंध्या रंगविल्या. एक नुसती पिवळी ठेवली. दुसरी चिमूटभर हिराकस घातलेल्या पाण्यातून काढली, ती शेवाळी झाली. हिराकस थोडाच घालावा. अधिक झाला की सूत कमजोर होते. दोन्ही चिंध्या आईपुढे ठेवल्या. तिने त्या खिडकीपाशी नेऊन कितीतरी वेळ पाहिल्या आणि शेवाळी माझ्या हातात दिली.

भगिनींनो, चूक माझी हळदीत नव्हती एवढी घाईत होती. कापडाला विचारले नाही, आणि जिला नेसायचे तिलाही विचारले नाही. तुमच्या पेटीत असे एखादे पातळ असेल, तर आधी एक चिंधी रंगवा आणि मगच पातेले चढवा.

ते शेवाळी पातळ नेसून आई आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. कार्यक्रमानंतर रंग जवळून पाहावा. तिची हरकत नाही, मी विचारले आहे.