मोल कोणाचें?

ग्रंथावरील लेखकाच्या हक्काला मुदत असते. १९५७ च्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षें तो हक्क चालतो. साने गुरुजी १९५० सालीं निवर्तले. म्हणून ‘श्यामची आई’ हें पुस्तक १ जानेवारी २०११ पासून सर्वांचें धन झालें. तें कोणींही छापावें, कोणींही महाजालावर ठेवावें. वारसांचा चरितार्थ आणि समाजाची ज्ञानतृष्णा यांचा कायद्यानें घातलेला हा मेळ मला न्याय्य वाटतो.

परंतु असें मुक्त पुस्तक जाहिरातींनीं वेढलेल्या संकेतस्थळावर उघडलें, कीं वाचक काय पाहतो, कोठें थांबतो, याची बहुधा नोंद होते. त्या नोंदीवरून त्याला पुढील जाहिराती दाखविल्या जातात. पुस्तक फुकट, मोल वाचकाचें! जाहिरातीला माझा विरोध नाहीं. वृत्तपत्रेंही तिच्यावरच जगलीं. पण छापील वृत्तपत्र वाचकावर पाळत ठेवीत नसे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यांत, दिलेली संमति परत घेण्याची तरतूद आहे. तें देण्याइतकेंच सुलभ असावें, असेंही त्यांत म्हटलें आहे. लेखकाच्या हक्कालाही जर शेवट आहे, तर या पाळतीला नसावा काय? ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवण्यापूर्वीं प्रत्येकानें हें स्वतःस विचारावें.