कार्ड कुणाच्या नावावर, खरेदी कुणाची?

(चिखली येथे बचत गटांच्या महिलांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



क्रेडिट कार्ड म्हटले की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पहिल्यांदा आठवते ते किसान क्रेडिट कार्ड. १९९८ साली ती योजना आली. सोयाबीन, कापसाच्या पेरणीसाठी ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्क्यांनी, आणि वेळेवर फेडले तर ४ टक्क्यांनी. पण ते कार्ड सातबाऱ्यावर मिळते, आणि सातबारा बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली त्याला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी निंदणीला जाणाऱ्या बाईचे नाव त्या कागदावर अजून शोधावेच लागते.

आज ज्या कार्डाबद्दल बोलायचे ते दुसरे. मॉलच्या दारात, फोनवरून, कधी बँकेच्या काउंटरवर आग्रहाने गळ्यात मारले जाणारे. गंमत अशी, की स्वस्त कर्जाच्या कार्डावर बाईचे नाव लावायला कुणी तयार नसतो. महागड्या कर्जाच्या कार्डावर मात्र तिचे नाव चटकन लागते.

घरबसल्या वस्तू मागवणे हे काही नवे नाही. पोस्टाची व्ही.पी. १८७७ पासून होती. आपल्या आज्या-आयांनी पुस्तके, विणकामाच्या सुया, औषधे व्ही.पी.ने मागवली. पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवायचे आणि मगच पुडके फोडायचे. आत काय निघेल ते नशीब. आज डिलिव्हरीवाला पोरगा दारात येतो तेव्हाही रोखीचा व्यवहार तोच.

मेहकर तालुक्यातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने मोबाईलवर जाहिरात पाहून ओव्हरलॉक मशीन मागवले. साडेसहा हजार, गटातून उचललेले. ती सांगत होती, “म्या पैसे देल्ले, पोरगा गेला, अन् आतून निंगाल्या चिंध्या.” दुकानाचा पत्ता नाही, जाहिरातही गायब. रोख पैसा हातातून गेला की त्याच्यामागे कुणाला पाठवणार?

इथे कार्डाचा खरा फायदा आहे. कार्डावर पैसे दिले असते तर माल आला नाही, भलताच आला, अशी तक्रार तिला आपल्या बँकेकडे करता आली असती. मग बँक दुकानदाराच्या बँकेला जाब विचारते. एटीएमच्या कार्डापेक्षाही हे बरे, कारण एटीएम कार्डाने खात्यातला आपला पैसा आधी जातो आणि मग आपण तो मागत फिरतो. क्रेडिट कार्डात तंटा मिटेपर्यंत पैसा बँकेचा अडकलेला असतो. फसवणूक म्हणून कळवलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत कोणताही आकार लावायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे.

दुसरा फायदा आपण सहसा मोठ्याने बोलत नाही. गावातल्या मेडिकलवाल्याकडे, जो सासऱ्यांच्या ओळखीचा असतो, बाई काय काय मागू शकते? सॅनिटरी पॅड, निरोध, गरोदरपण तपासायची पट्टी, एखादे पुस्तक. पार्सलाने हे आले तर चार लोकांच्या नजरा चुकतात. पण कार्ड नवऱ्याचे, किंवा त्याच्या कार्डावरचे जोडकार्ड असेल, तर प्रत्येक खरेदीचा संदेश त्याच्याच मोबाईलवर जातो. चुकवलेली नजर पुन्हा घरातच येऊन बसते.

आता तोट्याचे बोलू. त्याला जास्त वेळ देणार आहे.

बिल पूर्ण भरले तर साधारण दीड महिन्यापर्यंत पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात. बँकेला यात गोडी नाही. तिची कमाई आहे ती बिलावर लिहिलेल्या ‘किमान रक्कम’ या दोन शब्दांत. समजा १०,००० रुपये बिल आहे आणि किमान रक्कम ५००. आपण ५०० भरतो आणि सुटलो म्हणतो. महिना साडेतीन टक्के व्याज बऱ्याच कार्डांवर असते. म्हणजे ३५० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३. मूळ रकमेतून फिटले फक्त ८७ रुपये. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. वर्षाचा हिशेब ४२ टक्क्यांवर जातो. ३० टक्क्यांवरचे व्याज अनुचित, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. गावच्या सावकाराला आपण शिव्या देतो. हा सावकार गुळगुळीत कागदावर येतो, एवढाच फरक. ‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दालाही भुलू नका. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सुनावले होते.

आणि आता शीर्षकातला प्रश्न. आमच्याकडे आलेल्या एका बाईच्या नावावर कार्ड निघाले होते. सही तिची, आधार तिचे, मोबाईल नंबर नवऱ्याचा. त्याने मोबाईल मागवला, टीव्ही मागवला, आणि हप्ते थकल्यावर वसुलीचे फोन तिच्या माहेरी गेले. “मले तं त्या कार्डाचा रंगबी माहीत नाही,” ती म्हणाली. रंग माहीत नसला तरी थकबाकी तिच्या नावावर नोंदली गेली, आणि पुढे शिलाई मशीनसाठी कर्ज मागितले तेव्हा बँकेने तीच नोंद दाखवली. माझ्या मते हा पैशाचा छळच आहे, आणि हुंड्याच्या, मारहाणीच्या तक्रारी लिहून घेताना आपण हाही प्रश्न विचारायला हवा. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळाचा उल्लेख स्पष्ट आहे.

वसुलीवाल्यांनाही बंधने आहेत. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही, नातेवाइकांना त्रास नाही, चारचौघांत अपमान नाही. न मागता कार्ड पाठवायलाही बँकेला बंदी आहे.

ज्यांना कार्ड हवेच आहे त्यांनी मुदत ठेवीवरचे घ्यावे. पगाराचा कागद लागत नाही आणि मर्यादा ठेवीच्या आतच राहते. मोबाईल नंबर स्वतःचा द्या. ऑनलाइन खरेदीची सोय एरवी बंद ठेवा, लागेल तेवढ्या वेळच चालू करा. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला तर नाहीच. २०१७ च्या नियमाप्रमाणे आपली चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवले, तर आपला तोटा शून्य. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा आपल्याच अंगावर येतो. म्हणून आधी १९३० ला फोन, त्याच दिवशी बँकेला लेखी. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, फी नाही.

दुकानदाराविरुद्ध १९१५ वर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आणखी एक चांगली गोष्ट केली. माल दिल्लीहून आला असला तरी खटला आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बुलढाण्याच्या आयोगात चालवता येतो. व्यवहार ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. पावती, जाहिरातीचा फोटो, पार्सल फोडतानाचा व्हिडिओ एवढे सांभाळा.

चहानंतर मागच्या टेबलावर आम्ही दोघी बसणार आहोत. ज्यांनी कार्डाची बिले बरोबर आणली आहेत त्यांनी ती घेऊन यावे, पहिले पान आणि शेवटचे पान, दोन्ही. किमान रकमेखाली काय लिहिले आहे ते आधी वाचू.