मातियास रोमेरो : रुळांवर वसलेले गाव
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



रेल्वे कॉलनीत वाढलेल्यांना हे गाव परके वाटणार नाही. मेक्सिकोच्या दक्षिणेला, वाहाका राज्यात मातियास रोमेरो नावाची लहानशी नगरपालिका आहे. आसपासची खेडी धरून वस्ती चाळीस हजारांच्या आत. तिथे मेक्सिकोची कंबर बारीक होते. दोन महासागरांना जोडणारी सुमारे ३०० किलोमीटरची लाइन अध्यक्ष पोर्फिरिओ दियास यांनी १९०७ साली सुरू केली. बांधणारा कंत्राटदार इंग्रज, पिअर्सन.

हवाई बेटांची साखर सालिना क्रूस बंदरात उतरायची, वॅगनमधून पलीकडच्या किनाऱ्याला जायची आणि पुन्हा जहाजात चढायची. वाटेतल्या या गावी इंजिनांचे वर्कशॉप होते. बाजारपेठ चालायची ती वर्कशॉपच्या पगारावर. १९१४ साली पनामा कालवा उघडला आणि तो माल निघून गेला. निर्णय दुसऱ्यांचा, झळ गावाला!

वर्कशॉप मात्र टिकले, आणि तिथला कामगारही. १९३७ साली रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण १९४८ मध्ये सरकारने युनियनवर आपला माणूस बसवला. त्याला घोडेस्वारी पोशाखाची हौस, म्हणून लोक त्याला ‘चारो’ म्हणत. तेव्हापासून सरकारी पुढाऱ्याला तिकडे चारोच म्हणतात. (असे पुढारी आपणही पाहिले आहेत, नावे घेत नाही.)

१९५८ साली पगारवाढीचा प्रश्न आला. महागाईने पगार खाल्ला होता. कामगारांची मागणी महिना ३५० पेसोंची, पुढाऱ्यांनी ती परस्पर २०० वर आणली. तेव्हा मातियास रोमेरोची १३ नंबरची शाखा उठली. पुढे होता देमेत्रिओ वायेहो, झापोटेक आदिवासी घरातला कामगार. त्यांची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. २६ जूनला २ तास काम बंद, दुसऱ्या दिवशी ४ तास, तिसऱ्या दिवशी ६. रोज देशभरच्या आणखी गाड्या उभ्या राहिल्या. अखेर २१५ पेसोंवर तडजोड झाली आणि ऑगस्टमध्ये वायेहो सरचिटणीस म्हणून निवडून आले.

पुढच्याच वर्षी, मार्च १९५९ च्या संपात सरकारने लष्कर आणले. हजारो बडतर्फ झाले. वायेहो ११ वर्षे तुरुंगात राहिले. मे १९७४ चा संप ज्यांनी भोगला, त्यांना या घरांची चूल कशी चालली असेल ते सांगायला नको.

१९९५ मध्ये घटना बदलून रेल्वे खासगी कंपन्यांना खुली केली. ही लाइन सरकारकडे राहिली, पण प्रवासी गाड्या बंद झाल्या. वर्कशॉपवर जगणाऱ्या गावाची मुले कामासाठी बाहेर पडली.

२२ डिसेंबर २०२३ रोजी या लाइनवर प्रवासी गाडी पुन्हा धावली. कारभार नौदलाकडे आहे. ही बातमी वाचून आम्ही पहिल्यांदा विचारले ते हेच, की तिथे युनियनची शाखा आहे का?