बुडबुड्यातील सूर्य : एका चुकीची दुरुस्ती
(आगरदांडा येथे पालक व माजी विद्यार्थी यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



आज आम्ही उपदेश करावयास उभे नाही. 2002 सालची आमची एक चूक दुरुस्त करावयास उभे आहोत. त्या साली आम्ही अध्यापक विद्यालयातून नुकतेच बाहेर पडून हाती खडू घेतला होता. अमेरिकेत द्रवाच्या बुडबुड्यात सूर्याचा अग्नी पेटला, असे वर्तमानपत्रात वाचले आणि लागलीच वर्गात सांगून टाकले, ‘मुलांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा वीज पाण्याच्या मोलाने मिळेल.’ ती मुले मोठी झाली. कित्येक येथे बसली आहेत. विजेचे बिल मात्र दरमहा येतच आहे.

बुडबुड्यात बळ असते हे खरे. येथून दिघीस जाणाऱ्या बोटींवरील खलाशांस विचारा, पंखा वर काढला म्हणजे पात्यावर बारीक खड्डे कधी कधी का दिसतात? पाते वेगाने फिरताना त्याच्या पाठीशी पाण्याचा दाब एकाएकी उतरतो व वाफेचे बुडबुडे उठतात. दाब वाढताच ते आतल्या आत मिटतात, आणि त्या घावाने धातू झिजतो. ध्वनिलहरींनीही असे बुडबुडे करता येतात. मिटताना आतला वायू 15,000 अंशांच्या आसपास तापल्याचे मोजले गेले आहे. परंतु जड हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिळण्यास, म्हणजे संमीलनास, कोट्यवधी अंशांची उष्णता लागते. हे अंतर लहान नव्हे.

मद्रासच्या आय.आय.टी.त शिकलेले रुसी तल्यारखान व त्यांचे सहकारी यांनी ओकरिज येथील प्रयोगशाळेत जड हायड्रोजनयुक्त ॲसिटोन घेऊन हे अंतर तोडल्याचे मार्च 2002 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात जाहीर केले. त्याच प्रयोगशाळेतील दुसऱ्या दोघा शास्त्रज्ञांनी अधिक चांगले मापनयंत्र लावून पाहिले. त्यांस संमीलनाचा पुरावा मिळाला नाही. इतरत्रही तो हाती आला नाही. पुढे 2008 साली पर्ड्यू विद्यापीठाच्या चौकशी समितीने तल्यारखान यांच्यावर गैरवर्तनाचा ठपका ठेवला. त्यांचा स्वतःचा हात असलेले काम त्यांनी स्वतंत्र पडताळणी म्हणून पुढे केले होते.

हे परदेशातच घडते असे नाही. 1989 साली शीत संमीलनाचा गाजावाजा झाला, तेव्हा ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातूनही न्यूट्रॉन व ट्रिटियम आढळल्याची वार्ता आली होती. परंतु कोणीही, कोठेही करावे आणि तेच फळ यावे, असे झाले नाही.

मग संमीलन थोतांड आहे काय? नाही. 5 डिसेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियात लेसरचे 2.05 मेगाज्यूल लक्ष्यावर टाकून 3.15 मेगाज्यूल निघाले. पण तो लेसर चालविण्यास सुमारे 300 मेगाज्यूल वीज लागली! सबब दिवा लागावयास अद्याप अवकाश आहे, आणि तो बुडबुड्यांनी लागेल असे आज दिसत नाही. बुडबुड्यांनी सांडपाणी शुद्ध करण्याचे संशोधन मात्र मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत झाले आहे. त्यांचा उपयोग तेथे शोधावा.

पोथीत आहे म्हणून मानू नका, असे आम्ही तुम्हांस शिकविले आणि स्वतः छापील कागदाची पोथी केली. त्याचे फळ परवा दिसले. आमचा एक जुना विद्यार्थी पाण्यावर चालणाऱ्या यंत्राच्या नादी लागून बचत घालवून बसला. ‘गुरुजी, तुम्हीच म्हणाला होता ना?’ असे तो म्हणाला. आम्हांस उत्तर सुचले नाही.

म्हणून यापुढे कोणी स्वस्त शक्तीची गोष्ट घेऊन आला तर तीन प्रश्न विचारा. घातले किती व निघाले किती? ज्याचा त्यात लाभ नाही अशा दुसऱ्याने करून पाहिले काय? आणि चूक निघाल्यावर सांगणाऱ्याने ती कबूल केली काय?

तिसऱ्या प्रश्नाचे आमचे उत्तर आज दिले. फार उशिरा दिले, याची आम्हांस लाज वाटते.